पहिल्या नगाचं नाव

सुताराला बिजागऱ्या मोजून देताना बंडलशेठच्या तोंडून 'एक' निघालं आणि दुसरी बिजागरी त्याच्या हातातच राहिली. सुतार पुढच्याच गल्लीतला, रोजचं गिऱ्हाईक. त्यानं पिशवीचं तोंड उघडं धरलं होतं. त्यानं मान वर केली. "काय शेठ, आज मला लाभ नाही? सरळ एक?" बंडलशेठचा चेहरा गडबडला, पण जीभ गडबडली नाही. तिची सवयच तशी. "अरे, लाभावर नवा कर लागलाय. तू म्हणशील तर लावतो, पण मग पावती फाडावी लागेल." सुतार खो खो हसला. "नको नको, एकच बरं." पिशवीत बिजागऱ्या पडत गेल्या, दोन, तीन, चार, आणि शेवटी रोजच्यासारखं 'माल पुरा' झालं. सुतार गेला. बंडलशेठ गल्ल्यामागे उभा राहिला. खिळ्यांच्या डब्यांवर, कुलपांच्या माळांवर, टांगलेल्या साखळ्यांवर दुपारचं ऊन पडलं होतं. सगळं दुकान जागच्या जागी होतं. तरी कुणीतरी आत्ताच आत येऊन, त्याच्या डोळ्यांदेखत, काहीतरी उचलून नेलंय असं त्याला वाटलं.

या दुकानात पहिल्या नगाला एक म्हणायचं नाही, ही त्याच्या वडिलांची रीत. लाभ, मग दोन, मग तीन. स्क्रू असो, कडी असो, नळाची तोटी असो, पहिली हातात आली की तिचं नाव लाभ. वडील मोजायचे ते देवघरात बसल्यासारखे, तोंड न हलवता. मुलाच्या हाती गल्ला आला आणि त्या रीतीचं नाटक झालं. कारण बंडलशेठचं खरं नाव काय ते रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना माहीत नाही, पण त्याची बंडलं सगळ्यांना पाठ. एखादा नवा माणूस विचारायचा, "लाभ म्हणजे काय हो?" मग हा गंभीर चेहरा करून सांगायचा. कुणाला सांगितलं, आजोबांच्या शेळीचं नाव लाभ होतं, ती मेली, आजोबा रोज सकाळी तिला हाक मारून मग मोजायला बसत. कुणाला सांगितलं, समोरच्या दुकानदारानं 'एक' हा आकडा विकत घेतलाय, वापरला की तो पैसे मागतो. एका तरुण पोरीनं तर ते वहीत लिहून घेतलं होतं, तिला म्हणे अभ्यासाला हवं होतं. ती गेल्यावर हा इतका हसला की कुलपांची माळ खाली पडली. खरं कारण वडिलांनी त्याला एकदाच सांगितलं होतं, तेही चिडून. "एक म्हटलं की माणसाला वाटतं, आपण मोजायला लागलो. पहिला नग आपण मोजत नाही रे. तो आपल्याला मिळतो. मोजणं दोनपासून." तेव्हा त्याला ते कळलं नव्हतं. म्हाताऱ्याचं काहीतरी, म्हणून सोडून दिलं होतं.

एक का निघालं, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं करायला म्हणून त्यानं पाना उचलला, पुसला, परत ठेवला. सुतार यायच्या जरा आधी मुलीचा फोन आला होता. मुलीला दिवस गेलेले, सातवा लागलेला. पायांना सूज आली म्हणून दवाखान्यात गेली होती. जावई कामासाठी बाहेरगावी. फोनवर मागे कुणीतरी नाव पुकारत होतं, खुर्च्या सरकत होत्या. "बाबा, लवकर सांगा, डॉक्टरीणबाई विचारतायत. आईला माझ्या वेळी काही त्रास झाला होता का?" "तुझ्या वेळी? तुझ्या वेळी त्रास मला झाला. आई आरामात होती." "बाबा, मस्करी नको. आणि मी पहिलीच ना? माझ्या आधी काही... म्हणजे आईचं काही राहिलं, गेलं, असं?" इथं एक जागा होती. दाराच्या फटीएवढी. तिच्यातून काहीही आत येऊ शकलं असतं किंवा बाहेर जाऊ शकलं असतं. बंडलशेठच्या जिभेनं ती फट पटकन लावून घेतली. "अगं, तू एकुलती एक. तुझ्यासारखी दुसरी काढायची कंपनीची हिंमतच झाली नाही." मुलगी हसली, मागच्या कुणाला तरी "नाही म्हणतायत" म्हणाली, आणि फोन ठेवला. इतकंच. एकुलती एक. तो शब्द त्यानं आयुष्यभर वापरला होता, लग्नाच्या बोलणीत, शाळेच्या दारात, शेजाऱ्यांशी. पण तेव्हा घरात बायको असायची. तो 'एक' म्हणायचा तेव्हा ती बोलायची नाही, नुसती त्याच्याकडे बघायची. त्या बघण्यात आधीची पोर सुखरूप असायची. आता बायको जाऊन वर्ष होऊन गेलं. बघणारं कुणी नाही. आज त्यानं एक म्हटलं आणि एकच झालं.

आणि हे नुसतं त्याच्या मनाचं दुखणं नव्हतं. त्या पहिल्या पोरीच्या वेळी काय झालं होतं ते त्याला लख्ख आठवत होतं. बायकोच्या पायांना अशीच सूज, वर डोकेदुखी, आणि हा म्हणाला होता, चपला बदल, सूज उतरेल. एका सकाळी रक्तदाब असा चढला की दिवस भरायच्या आधीच पोट उघडून मूल काढावं लागलं. तेव्हा ते दुसऱ्या गावात राहायचे. दुकान वडिलांचंच, पण दुसरीकडे. नंतर सगळंच उचलून इथं आणलं. त्यामुळे इथल्या कुणाला काही माहीत नाही. दुसरी मुलगी झाली, ही, तेव्हा बायकोनं तिला छातीशी धरून सांगितलं होतं, "हिला कधी सांगू नका हं. कुणाच्या तरी जागी आले, असं वाटत बसेल पोर. पहिलेपण हिचंच राहू द्या." बंडलशेठनं शपथ घेतली होती. आयुष्यात खोटं कधी मोजलं नाही त्यानं, किती बोलला ते देवाला ठाऊक, पण शपथ मात्र ही एकच पाळली. पाळायला सोपी होती. गप्प बसायचं आणि विनोद करायचा. दोन्हीत तो तयार.

खिळ्यांच्या पोत्याशेजारी एक स्टूल असायचं, ते मास्तरांचं. भाषा शिकवून निवृत्त झालेले, रोज येऊन फुकटचा पेपर वाचायचे आणि बदल्यात चहा प्यायचे, असं बंडलशेठ सगळ्यांना सांगायचा. आजही ते होते. एरवी त्यांनी मान वर केली नसती, पण 'लाभ' चुकलेला त्यांनीही ऐकला होता. एकदा शेठकडे बघून त्यांनी पेपरचं पान उलटलं. मागे एकदा, धंदा थंड होता तेव्हा, बंडलशेठनं त्यांना डिवचलं होतं. "मास्तर, आमच्याकडे तीन शब्द. नफा, प्रॉफिट, लाभ. तिन्ही एकच ना? मग तीन कशाला, एक विकून टाकतो." मास्तरांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की तास सुरू. "एकच कसे? तीन वेगळ्या बापांची पोरं ती. नफा आला अरबीतून, फारसीच्या वाटेनं. मुळात त्याचा अर्थ उपयोग. कामी येणं. प्रॉफिट लॅटिनमधलं. त्याच्या मुळाशी पुढं जाणं आहे, पाऊल पुढं पडणं. आणि लाभ आपला संस्कृत. लभ् म्हणजे मिळणं, हाती लागणं. दुर्लभ त्यातलाच, उपलब्ध त्यातलाच." "म्हणजे कमावणं नाही?" "कमावण्याशी काही देणंघेणं नाही त्याचं. वाटेत सापडलं तरी लाभ." "मग खिसेकापूला होतो तो लाभ, आणि मी दिवसभर घसा कोरडा करतो तो नफा!" मास्तर हसले, बंडलशेठही हसला. मग मास्तर पेपर वाचायला लागले आणि बंडलशेठ डबे लावायला लागला. डबे लावता लावता त्यानं एकच डबा दोनदा काढून परत ठेवला होता. उपयोग नाही. पाऊलही पुढं नाही, पहिल्या पोरीचं पाऊल तर अंगठ्याएवढं होतं, टेकायला जमीनसुद्धा मिळाली नाही त्याला. नुसतं हाती लागणं. तेवढंच. बापानं चिडून सांगितलेलं आणि मास्तरांनी चष्मा काढून सांगितलेलं, दोन्ही एकाच जागी येऊन बसलं होतं आणि त्या जागेला हात लावायची त्याची छाती नव्हती.

ती पहिली पोर झाली त्या दिवशी दवाखान्याच्या बोळात फिनाइलचा वास होता. बाकावर तो एकटाच. आत बायको बेशुद्ध, टाके घालणं चालू. दार ढकलून नर्स आली, थकलेली, टोपी कानावर आलेली. तिच्या हातात पांढऱ्या कापडाचं गाठोडं. "वडीलच ना? घ्या, थोडा वेळ धरा." थोडा वेळ, असं ती का म्हणाली हे त्याला नंतर समजलं. तेव्हा वाटलं, नर्सला दुसरी कामं असतील. त्यानं हात पुढे केले. वजन असं काही नव्हतंच. गरम होतं, एवढंच. ताज्या चहाचा पेला फडक्यात धरावा तसं. चेहरा बोराएवढा, डोळे मिटलेले, कपाळाला आठी. बंडलशेठला आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं सुचेना. गिऱ्हाईक असतं तर सुचलं असतं. तेवढ्यात कापडातून एक हात बाहेर आला, आपणहून, कुणी बोलावल्यासारखा. मग त्याला जे एकच काम नीट यायचं ते त्यानं केलं. अंगठ्यानं तिची करंगळी हलकेच दाबली आणि म्हणाला, "लाभ." मग पुढचं बोट. "दोन. तीन. चार." अंगठा पार आत वळलेला होता, तो उकलावा लागला. "पाच. माल पुरा." तेव्हा तिनं जांभई दिली. एवढी मोठी जांभई एवढ्याशा तोंडात मावलीच कशी, याचं त्याला अजून नवल आहे. जणू म्हणाली, झालं का तुमचं? तो हसला. बोळात एकटा, मोठ्यानं हसला. दुसरा हात कापडात गुंडाळलेला होता. तो सोडवावा म्हणून त्यानं कापडाचं टोक धरलं, इतक्यात नर्स परत आली आणि "द्या इकडे" म्हणाली. उन्हं कलायच्या आत सगळं संपलं.

त्यानंतर दुकानात तो जितक्या वेळा 'लाभ' म्हणाला, तितक्या वेळा ती करंगळी त्याच्या अंगठ्याखाली आली. स्क्रूच्या जागी आली, कडीच्या जागी आली. शेळीची गोष्ट सांगताना आली, कर लागल्याची थाप मारताना आली. लोक हसायचे, हाही हसायचा, आणि हसण्याच्या आत, खिळ्यांच्या पोत्यात हात घालावा तसा तिचा हात धरून असायचा. कुणाला पत्ता नाही. बायकोलासुद्धा नाही. तिथंच तर सगळं अडकलेलं आहे. बायकोनं त्या मुलीला पाहिलंच नव्हतं. शुद्धीवर आली तेव्हा पाहायला काही उरलं नव्हतं. पुढं कितीतरी वर्षं, भांडी विसळताना, चादर झटकताना, मध्येच ती विचारायची, "कशी होती हो?" आणि हा सांगायचा. "तुझ्यासारखी. आल्या आल्या नर्सच्या चुका काढल्या." पुढच्या खेपेला, "नाक माझं होतं, म्हणून तर लाजली आणि डोळे मिटून घेतले." त्याच्या पुढच्या खेपेला, "मला म्हणाली, बाबा, आईला सांगा, जेवून घे." बायको ओल्या हातानं त्याच्या पाठीत चापट मारायची. "बंडल मारू नका. आधी म्हणालात तुझ्यासारखी, मग नाक तुमचं कसं?" "बदललं असेल मग. पोरी काय, पटापट बदलतात." ती हसायची. डोळे पुसायची, परत हसायची. तिला हसवलं की आपलं काम झालं असं त्याला वाटायचं. ती करंगळी, तो उकललेला अंगठा, ती जांभई, हे मात्र त्यानं तिला कधी दिलं नाही. बोललो की संपेल, अशी भीती होती. की ते एकट्याचं असावंसं वाटलं? दोघांच्या भागीदारीत सगळं निम्मं निम्मं होतं. भाकरी, भांडणं, पोरीच्या शाळेची काळजी. हा एवढा एकच लाभ त्यानं भागीदाराला दाखवला नाही. शेवटच्या आजारात ती उशीवर डोकं टेकून पुन्हा म्हणाली होती, "आता तरी खरं सांगा ना. कशी होती?" आणि ह्यानं, हरामखोरानं, सवयीनं, "माल परत करायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं बघितलं तिनं माझ्याकडं" म्हणून सांगितलं. ती हसली. हसताना तिच्या बरगड्या दुखल्या, ते त्यानं पाहिलं. म्हटलं, जरा बरं वाटलं हिला की सांगू. बरं वाटलंच नाही.

वायसरच्या डब्यात हात घालून त्यानं मूठभर वायसर काढले आणि कुणी गिऱ्हाईक नसताना मोजायला घेतले. पहिला हातात आला. ओठ उघडले. "एक." पुन्हा परत टाकला, पुन्हा काढला. "एक." तो शब्द होता तिथंच होता, त्याला माहीत होता, पण जीभ तिकडे वळेना. अंगठ्याखाली नुसतं थंड लोखंड. एका फोनवर 'नाही' म्हणालो आणि ती खरंच नाहीशी झाली. आता ती माहीत असलेला माणूस जगात एक, आणि तोच नाही म्हणाला. त्यानं डबा बंद केला. फोन उचलला, मुलीचा नंबर काढला, खाली ठेवला. फोनवर आपण परत बंडल मारू, हे त्याला पक्कं माहीत होतं. फोन हे त्याच्यासारख्या माणसाच्या हाती द्यायचं यंत्रच नव्हे. तो बाहेर आला आणि भरदुपारी शटर खाली ओढायला लागला. मास्तर स्टुलासकट बाहेर आले. "काय रे, काय झालं?" "चोरी झाली, मास्तर." "अरे बापरे! काय गेलं?" "पहिला नग." मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. हसावं की नाही ते त्यांना कळेना. बंडलशेठला असं कुणी बघत राहिलेलं आजवर आवडायचं. आज त्यानं चप्पल सरकवली आणि चालायला लागला.

तो मुलीकडे पोचला तेव्हा ती दवाखान्यातून घरी आली होती, डाव्या कुशीवर पडून होती. दार नुसतं लोटलेलं. पायांखाली दोन उशा. त्यानं आधी पाय बघितले. "बाबा? दुकान टाकून? सूर्य कुठून उगवलाय आज?" तो खुर्ची ओढून बसला. बसला, उठला, पंखा वाढवला, परत बसला. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" "रक्तदाब थोडा जास्त आहे. काळजीचं नाही म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात परत या. तुम्ही का घाबरलात?" "त्यांना फोन लाव." "आत्ता? का?" "लाव गं. आणि सांग, आईला एक... तुझ्या आधी एक मुलगी झाली होती. दिवस भरायच्या आत. रक्तदाब चढला म्हणून. पायाला अशीच सूज होती." मुलगी हसली. सवयीनं, बाबा काहीतरी बोलले की हसायचं म्हणून. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि हसू तिथंच अर्धवट राहिलं. "बाबा, ही थाप असेल ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही." "नाही." "थाप नाही?" "नाही." ती कोपर टेकून उठून बसली. मग फोन लावला, आणि त्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. सरळ आवाजात, त्याला एकेक विचारून. कितवा महिना होता, शस्त्रक्रिया झाली का, मूल किती वेळ होतं. तोही सरळ उत्तरं देत गेला. पलीकडून काहीतरी बरंच बोलणं झालं. फोन ठेवून ती म्हणाली, "उद्या सकाळी यायला सांगितलंय. काही तपासण्या करणार, औषध बदलणार. बरं झालं कळलं, म्हणाल्या."

मग तिला रडू आलं. रागाचं रडू होतं ते. "आईनं का नाही सांगितलं मला? मी इतकी तिच्याजवळ होते. तुम्ही दोघं माझ्यासमोर..." "तुझं पहिलेपण तुझंच राहावं म्हणून." "मला नको होतं एवढं!" उशी तिनं बाजूला फेकली. तो उठला, उशी उचलली, पायांखाली परत सारली. पाय गरम होते. ती त्याला पाय हलवू देत होती आणि दुसरीकडे तोंड करून होती. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, वाजवत होतं, थांबेना. मग ती भिंतीकडे तोंड करूनच, हळू, अगदी आईच्या आवाजात म्हणाली, "कशी होती हो बाबा?"

जीभ लगेच तयार झाली. कपाळाला आठी, नर्सच्या चुका, नाक. सगळा माल समोर मांडलेला होता, फक्त उचलून द्यायचा. "तिनं ना..." तो म्हणाला, आणि थांबला. मुलगी वाट बघत होती. त्यानं तिचा हात हातात घेतला. तिला वाटलं, समजूत घालतायत. पण तो तिची करंगळी अंगठ्यानं धरून बसला होता आणि त्याचे ओठ उघडे होते आणि आवाज येत नव्हता. तिनं वळून पाहिलं. गालावरून पाणी ओघळून त्याच्या सदऱ्यात जिरत होतं. लहानपणी गल्ल्यावर बसून ती त्याच्यासोबत स्क्रू मोजायची. तिलाही ती रीत येत होती. "लाभ," तीच म्हणाली. त्यानं जोरात मान हलवली, हो, हो. तेच. मग त्याचा आवाज निघाला, घोगरा, दुकानातला नव्हे. "दोन. तीन. चार." अंगठा त्यानं तिच्या मुठीतून उकलून घेतला. "हा असा आत वळलेला होता. पाच. मग तिनं जांभई दिली. बस. एवढंच झालं. बाकी मी तुझ्या आईला जे सांगत आलो ते सगळं खोटं."

त्याच्या हातातला हात तिनं तसाच राहू दिला. थोड्या वेळानं दुसरा हात पोटावरून उचलला आणि त्याच्यापुढे धरला, बोटं पसरून.

"आणि हा?"

बंडलशेठ त्या हाताकडे बघत राहिला.

"तो कापडात होता," तो म्हणाला. "मोजायचा राहिला."